आधी खोट शोधा, मग मोठे टायर घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या फोर बाय फोर ट्रकवर पानभर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि मग हे पत्र लिहायला बसले. लेख बघून बरं वाटलं हे आधी सांगते, कारण जुनी गाडी भंगारात न देता घरच्या घरी उभी करणारी माणसं आहेत आणि त्यांच्यावर कुणीतरी पानभर लिहितंय हीच मोठी गोष्ट. पण त्या पानावर जे होतं ते सगळं गाडीवर काय काय चढवायचं याचंच होतं, मोठे टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोर गुंडाळणारं यंत्र), टपावर लाइट बार, आणि गाडी मुळात धड चालतेय का, स्टेअरिंग कुठे सैल आहे, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) का रडतोय, हे कसं शोधायचं याबद्दल एक ओळ नव्हती. मी आणि माझा धाकटा भाऊ गेली अकरा वर्षं असाच एक जुना डिझेल ट्रक घरी सांभाळतोय, मागे पुढे दोन्हीकडे पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दोन्हीकडे डावं उजवं चाक जोडणारा सलग ॲक्सल, पार्ट टाइम फोर व्हील म्हणजे लागेल तेव्हाच चारही चाकांना जोर, कॉम्प्युटर नावाची गोष्ट गाडीत नाही. तेवढ्या हक्काने लिहिते.

ट्रक आमच्याकडे आला तेव्हाच आधीच्या मालकाने तो उंच करून ठेवलेला होता. पुढच्या पाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला टांगणारी कडी) आणि ३१ इंची टायरच्या जागी ३३ इंची. दिसायला एकदम भारी. पण साठच्या आसपास स्पीडला एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं अशी फडफडायला लागायची की स्टेअरिंग हातात धरवत नसे, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबायचं नाही. ज्यांच्या वाट्याला हे आलंय त्यांना वेगळं सांगायला नको, हात पाय गार पडतात. एका गॅरेजमध्ये व्हील बॅलन्सिंग करून दिलं, दुसरीकडे स्टेअरिंगचा डॅम्पर (झटके शोषणारा शॉक) नवीन टाकला, डॅम्पर टाकल्यावर दोन महिने बरं चाललं आणि मग परत तेच, उलट आधीपेक्षा जोरात. आता कळतं की डॅम्परने खोट गेलीच नव्हती, फक्त दाबली गेली होती, आणि त्या दोन महिन्यांत आतलं बेअरिंग खराब होतच राहिलं.

शेवटी आम्ही पार्ट बदलणं थांबवलं आणि बघायला सुरुवात केली. गाडी चाकांवरच उभी ठेवली, कारण चाकं उचलून बघितलं तर सांध्यांवर वजन येत नाही आणि खेळ, म्हणजे सांध्याचा ढिलेपणा, लपतो. भाऊ सीटवर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे थोडं उजवीकडे असं हलवत राहिला आणि मी खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. बोट सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून टेकवायचं, म्हणजे डोळ्याला न दिसणारा खेळसुद्धा बोटाला कळतो. ड्रॅग लिंक ठीक, टाय रॉडचे दोन्ही एंड ठीक, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट घट्ट. मग मागच्या चाकांना ओंडके लावले, पुढचं एक चाक उचललं, ॲक्सलखाली स्टँड दिला आणि चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. टक, टक. खेळ सापडला, पण व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा, म्हणजे ज्या खिळीवर चाक डावीकडे उजवीकडे वळतं तिचा? इथे बरेच जण अंदाजाने व्हील बेअरिंग बदलून मोकळे होतात. त्याची काही गरज नाही, भावाला म्हटलं ब्रेक दाबून धर. ब्रेक दाबला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल (किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना बांधले जातात, तेव्हा खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंगपिन. आमचा तसाच राहिला. पाच मिनिटांचं काम, एक पैशाचा पार्ट नाही, आणि आम्ही त्याच्या आधी आठ महिने अंधारात चाचपडत होतो.

नकल उघडून खालच्या बेअरिंगची वाटी पुसून उजेडात धरली, तर रोलर जिथे बसतात तिथे ओळीने बारीक खळगे पडलेले, नखाला लागत होते. का ते नीट बघितलं की समजतं. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, किंगपिन फारसा फिरत नाही, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागेवर आदळत राहतात आणि खळगे नेमके सरळ चालण्याच्या जागीच पडतात. चाक सरळ असताना सैल, थोडं वळवलं की परत घट्ट. वळवून तपासणाऱ्याला खोट कधीच सापडणार नाही. नवीन बेअरिंग बसवताना शिमचं (खेळ नेमका ठेवणाऱ्या पातळ चकत्यांचं) काम मात्र घाईत उरकू नये, टाय रॉड सोडवलेला असताना स्टेअरिंग आर्मच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा, नकल फिरायला किती जोर लागतो तो वाचायचा, आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यात येईपर्यंत शिम कमी जास्त करत बसायचं. आमची एक पूर्ण संध्याकाळ एका बाजूला गेली.

आणि ते लांब शॅकल. ज्या गाडीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं तिथे ते लांब केलं की ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचं वरचं टोक जरासं मागे झुकलेलं असणं, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखं, त्याच्यामुळेच हात सैल सोडला तरी चाक आपणहून सरळ यायला बघतं. तो कमी झाला की चाकाला सरळ राहायची ओढच उरत नाही, मग थोडाही खेळ असला तरी फडफड सुरू व्हायला एक खड्डा पुरतो. शॅकल मागच्या टोकाला असलेल्या गाडीत नेमकं उलट होतं, म्हणून एका गाडीवर चाललेली गोष्ट दुसऱ्या गाडीवर डोळे मिटून करू नये. आम्ही मूळ लांबीचे शॅकल परत टाकले, गाडी पुढून दोन बोटं खाली बसली, दिसायला थोडी कमी झाली असेल, पण फडफड गेली ती आजपर्यंत परत आली नाही.

टायरबद्दल तुमच्या लेखात एवढंच होतं की ३३ इंची टायर "बसतात". बसतात हो, पण बसल्यावर पुढे काय होतं? ३१ चे ३३ केले की परीघ साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडचा मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६४ ने चाललेली असते. ॲक्सलचा रेशो ४.१० असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.१० फेरे, तर इंजिनला तो ३.८५ सारखा वाटतो, चढावर गाडी दमते, मग मालकाला वाटतं डिझेलचा पंप कमजोर झाला, आणि कुणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतो. ताकद थोडी वाढल्यासारखी वाटते पण मागे काळा धूर सुरू होतो, काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, इंजिनातली उष्णता वाढते आणि त्याची किंमत पिस्टन मोजतात. बघा, टायरपासून निघालेली गोष्ट पिस्टनपर्यंत गेली आणि मधल्या प्रत्येक माणसाला वाटलं की आपण दुरुस्तीच केली. मोठे टायर घालू नका असं मी म्हणत नाही, घाला, पण मग दोन्ही ॲक्सलचे क्राउन पिनियन (हा रेशो ठरवणारे गिअर) त्या मापाने बदलायची तयारी ठेवा, आणि बदलाल तर पुढचा मागचा रेशो एकच ठेवा, नाहीतर फोर व्हील लावल्याबरोबर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेल. उंची आणि टायरच्या मापाचे नियमही जागोजागी वेगळे असतात, ते खर्च करायच्या आधी विचारून घ्यावेत.

लिफ्टचं अजून एक, जे कुणी सांगत नाही. गाडी उंच केली की ब्रेकचे रबरी पाइप तेवढेच राहतात. सपाट जागेवर सगळं छान दिसतं, पण एक चाक खड्ड्यात लटकलं की ॲक्सल पूर्ण खाली जातो आणि पाइप ताणला जातो. म्हणून लिफ्ट केल्यावर चेसी उचलून ॲक्सल लटकते सोडा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि पाइप हाताने चाचपून बघा, सैल असला पाहिजे. प्रोपेलर शाफ्टचंही, म्हणजे ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याचंही, तसंच. साध्या क्रॉसचा सांधा कोनात फिरताना एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो दोनदा मागे राहतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक पुसून काढतो, पण कधी, तर दोन्हीकडचा कोन सारखा असेल आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत असतील तेव्हाच. शाफ्ट काढताना दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवायची सवय आम्हाला एकदा चुकीचा जोडून गाडीभर थरथर ऐकल्यावर लागली.

आता सेल्फचं सांगते, कारण घरच्या घरी खोट शोधणं म्हणजे काय ते याच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. सकाळी सेल्फ मारला की इंजिन दमून दमून फिरायचं. सगळ्यांचं एकच, बॅटरी गेली, नाहीतर सेल्फ गेला. बॅटरी रात्रभर ठेवून सकाळी मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग भावाने सेल्फ मारला आणि मी व्होल्ट मोजायचा मीटर लावून बसले. बॅटरीच्या दोन टोकांवर १०.८, पण सेल्फच्या स्वतःच्या टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये फक्त ८.९. मधले १.९ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर, परत सेल्फ मारला, ०.३. चालेल. मग एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर, १.६! सापडला चोर. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, इंजिनपासून चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली, कुणीतरी चेसी रंगवताना तिच्या बोल्टखालीसुद्धा रंग गेलेला. पट्टी नवीन, बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, परत मोजलं तर ०.१. त्या दिवसापासून इंजिन पहिल्या हाकेला ओ देतं. हे मोजायचं असतं सेल्फ फिरत असतानाच, कारण करंट वाहत नसेल तेव्हा गंजलेला सांधासुद्धा मीटरवर ठणठणीत दिसतो. नुसती टेस्ट लॅम्प लावून लाइन येतेय म्हणणारे इथेच फसतात. साधा मीटर, दोघं जण आणि अर्धा तास.

डिझेल गाडीत चालू होऊन लगेच बंद पडण्याची तक्रारही फार असते आणि लोक थेट पंप उतरवायला देतात. पंप हे शेवटचं. आधी हवा बघा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथे कुठे बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, जमीन कोरडी राहते आणि माणूस म्हणतो लीक कुठेच नाही. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला की बुडबुडे सरळ डोळ्यांनी दिसतात, मग एकेक सांधा मागे मागे सरकत तपासायचा. आमच्याकडे टाकीच्या तोंडाशीच रबरी पाइपला केसाएवढी चीर निघाली, बोटभर तुकडा कापून टाकला, हातपंपाने फिल्टरच्या ब्लीड स्क्रूमधून हवा काढली आणि काम संपलं.

पाण्यातून गाडी नेतात त्यांच्यासाठी एक गोष्ट कळकळीने लिहिते. ॲक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो, आतल्या हवेला ये जा करायची वाट, बोंडाएवढा, चिखलाने बुजला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी बराच वेळ चाललेली असते, ॲक्सलमधलं ऑइल आणि हवा गरम असते, आणि तशीच ती गार पाण्यात उतरते. आतली हवा आकसते, ब्रीदर बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं, आणि ब्रीदर मोकळा असून पाण्याखाली असेल तर त्याच्यातूनच आत जातं. नंतर ड्रेन प्लग उघडला की ऑइल दुधाळ निघतं. त्या ऑइलवर चाललेल्या बेअरिंगचं आयुष्य किती राहणार? उपाय लाइट बारच्या मानाने काहीच नाही, ब्रीदरच्या जागी निपल लावून ऑइल सोसणारा पाइप बॉनेटच्या आत उंचावर नेऊन बांधायचा, दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी), चारींचे. मला विचाराल तर अशा ट्रकवरचा पहिला बदल हाच. ऑइल भरतानाही डोळसपणे भरावं, ॲक्सलच्या हायपॉइड गिअरना जीएल ५ दर्जाचं ऑइल लागतं, पण काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असतात आणि जीएल ५ मधली काही रसायनं पितळ खातात, तिथे जीएल ४ सांगितलेलं असतं. एकाच डब्यातून सगळीकडे ओतू नये.

लाइट बारचं थोडक्यात सांगते. तारेला फ्यूज बॅटरीच्या जवळ असला पाहिजे, लाइटच्या जवळ नाही, कारण तार मधे कुठेही पत्र्याला घासली की फ्यूजच्या आधीचा सगळा भाग उघडाच असतो. आणि बटणातून थेट करंट नेऊ नये, रिले घालावा, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच. जुने ५५ वॉटचे दोन बल्ब लावले तरी नऊ अँपिअरच्या वर जातं, जुन्या डॅशबोर्डमधल्या बटणाला ते झेपत नाही.

संपादक, आता त्या फोटोबद्दल, खरं तर पत्र लिहायला बसले ते त्याच्यासाठीच. लेखासोबतच्या मोठ्या फोटोत एक तरुण मुलगा ट्रकच्या मागच्या बाजूला खाली सरकलेला दिसतो, छातीपर्यंत आत, मागचं एक चाक काढलेलं, आणि गाडी फक्त जॅकवर. स्टँड नाही, दुसऱ्या चाकाला ओंडका नाही. हँडब्रेक ओढला असेल असं कुणी म्हणेल. पण विलीज जीपमध्ये, जुन्या लँड रोव्हरमध्ये आणि तसल्या बांधणीच्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतोच, तो ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर लागतो. शाफ्ट अडवला तरी मागचं एक चाक हवेत असलं की डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधोमध असलेली गिअरची जोडणी) दोन्ही चाकांना उलट दिशेने फिरू देतं, हवेतलं चाक मागे फिरतं, जमिनीवरचं पुढे, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी जॅकवरून सरकते. गिअरमध्ये ठेवूनही तेच, कारण गिअरसुद्धा त्याच शाफ्टला धरतो. आमच्या अंगणात हे झालंय, जमीन सपाट वाटत होती, ट्रक फक्त वीतभर पुढे गेला आणि जॅक आडवा पडला, ड्रम जमिनीत रुतला. भाऊ त्याच्या आधी पाना आणायला आत गेला होता म्हणून वाचला. त्या दिवसापासून आमच्याकडे जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय जॅकला हात लागत नाही, आणि स्टँडवर गाडी ठेवून दोन्ही हातांनी जोरात हलवून बघितल्याशिवाय कुणी खाली जात नाही.

तेव्हा माझ्या मागण्या दोन. पुरवणीत जुन्या गाड्यांवर पुढचं पान कराल तेव्हा अर्धी जागा खोट कशी शोधायची याला द्या, गाडीखाली खरोखर काम करणाऱ्या मेकॅनिककडून लिहून घ्या, मीटर कुठे लावायचा, हात कुठे ठेवायचा, इतकं बारीक. आणि तो फोटो परत छापू नका. त्या मुलाचा नंबर तुमच्या वार्ताहराकडे असेलच, त्याला स्टँडचं आणि ओंडक्याचं आजच कळवा.

आपली,
एक नियमित वाचक